फणसाची साक्ष

"चाय घ्या आदी, मगे आयका," मेस्त्री म्हणाले. "उपाशी कानान आयकलास तर सगळाच बेसूर लागतला."

मी कप हातात घेतला, पण लक्ष चटईकडे होतं. ओटीवर अंथरलेल्या चटईवर तीन गिटारी ओळीनं ठेवल्या होत्या आणि तिन्हींवर मिळून जुन्या लुगड्याची एक गोधडी पांघरली होती. तिळी पोरं निजवावीत तशी. आत चुलीपाशी मेस्त्रींची बायको अनसूयाकाकी फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या आणि मधूनमधून मान वर करून माझ्याकडे पाहत होत्या.

गुणाजी मेस्त्री तेव्हा साठीचे असतील. सावंतवाडीपासून सात मैल आत त्यांची मेस्त्रीवाडी. वाडीतले बाकीचे मेस्त्री दारं-खिडक्या, पाट, लाकडी खेळणी करत. हे एकटे गिटारी करत. तरुणपणी म्हापशाला कायतान नावाच्या वाद्यं करणाऱ्या कारागिराकडे दहा वर्षं राहून ही विद्या त्यांनी उचलली होती आणि गावी परत आणली होती.

आणि मी सुनेत्रा आजरेकर, वय वर्षं अठ्ठावीस, कोल्हापूरच्या एका संगीत विद्यालयात गिटार शिकवणारी. माझ्या कानांचा मला भारी गर्व होता. शेजारच्या वर्गातल्या गिटारीची कुठली तार किती उतरली आहे हे मी भिंतीपलीकडून सांगत असे, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

विद्यालयाला आठ गिटारी हव्या होत्या. ते कुठून तरी मेस्त्रींच्या कानावर गेलं आणि त्यांनी पत्र धाडलं. एकाच मापाच्या, एकाच साच्यातल्या तीन गिटारी केल्या आहेत, एक शिसवीची, एक महोगनीची, एक फणसाची. येऊन ऐकावं, आणि फणस पटला तर आठही फणसाच्या घ्याव्यात. पत्र वाचून आमचे विद्यालयप्रमुख इनामदार सर म्हणाले, "फणसाची गिटार? सोबत आठळ्या देणार का?" सगळे हसले, मीही हसले. पण मेस्त्री खरा कारागीर आहे हे सर ऐकून होते, म्हणून त्यांनी मला पाठवलं. माझ्या अहवालावर सगळं ठरणार होतं.

"आठ गिटारी घेतलास नाय तरी चलात," मेस्त्री म्हणाले. "माझी तक्रार नाय. पण फणसाक नापास करशात तर नीट आयकान करा. तीस वर्सां मी ह्या झाडाची साक्ष देतंय. कायतान मेस्त माका हसलो. सावंतवाडीत दुकानदार हसलो. दाराक फणस चलता, देवळाच्या खांबाक चलता, मृदंगाक चलता. मगे गिटारीक कित्याक चलना नाय?"

"चालेल की, वाजली तर," मी म्हटलं.

"वाजतली. आणि नाय वाजली तर दोष माजो. लाकडाक नावा ठेवणारो मेस्त्री म्हणजे नाचाक येयना, आंगण वाकडा."

त्यांनी गोधडी काढली. पुढची फळी तिन्हींची सारखीच होती, फिकट पिवळी, विलायती स्प्रूस लाकडाची. फरक होता तो पाठीचा आणि कडांचा. शिसव काळसर जांभळी, महोगनी तांबूस, आणि फणस हळदीत बुडवून काढल्यासारखा. मी आजवर हातात धरलेल्या कुठल्याही गिटारीचे सांधे इतके बेमालूम नव्हते. नख फिरवलं तरी जोड कुठे आहे हे कळत नव्हतं. मला एकदम आदर वाटला, आणि तो वाटला याचा थोडा रागही आला, कारण मी परीक्षक म्हणून आले होते.

मेस्त्री खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पार टोकाला, फणसाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. लांबून ऐकू येते ती खरी गिटार, असं त्यांचं म्हणणं. मी एकेक गिटार घेऊन तोच एक तुकडा तीनदा वाजवला आणि दर वेळी वहीत लिहिलं. डोळे बांधून ऐकायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

शिसवीपुढे मी लिहिलं: खालचे सूर खोल, वरचे लखलखीत, धारदार. महोगनीपुढे लिहिलं: मध्यावर गोड, वरचे सूर जरा चिरके, तारा नव्या असल्यानं असावं. फणसाची वाजवली आणि पहिल्या तारेचे वरचे सूर कानात सुईसारखे घुसले. लिहिलं: टोचते. हे लाकूड गिटारीच्या कामाचं वाटत नाही.

वर पाहिलं तर मेस्त्री झाडाखाली डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर नुसतं समाधान होतं. इतका मोठा कारागीर आणि आपल्या लेकराचं वाकडं नाक त्याला दिसू नये, याचं मला नवल वाटलं.

जेवायला भात, आठळ्यांची आमटी आणि फणसाची भाजी होती. निकालाच्या दिवशी परीक्षकाला आरोपीच वाढला होता. मेस्त्रींनी निकाल विचारला नाही, मी सांगितला नाही. दुपारी पुन्हा एकदा ऐकून मग काय ते बोलू, एवढंच मी म्हटलं.

तीनच्या सुमारास मी फणसाची गिटार पुन्हा मांडीवर घेतली. मेस्त्री शेजारी पायरीवर बसले होते. तेवढ्यात झाडांवरचे किडे सुरू झाले. मे महिन्यात कोकणात ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना सांगायला नको. आधी एक ओरडतो, मग दुसरा, आणि मग सगळं रान कानठळ्या बसेपर्यंत एकच कर्कश सूर धरतं. माझा सूर मलाच ऐकू येईना. मी हात तारांवर ठेवला.

"थांबू या जरा," मी म्हटलं. "हे थांबू देत."

मेस्त्रींनी खळ्याकडे पाहिलं, दगडी गडग्यापलीकडे वाटेवर पाहिलं.

"कोण थांबाक होयो?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. माझ्या उत्तराची वाट पाहत ते तसेच बसून राहिले, आणि वर झाडं नुसती किंचाळत होती.

"वाटेर पोरा खेळतत ती," दारातून काकी घाईघाईनं म्हणाल्या. वाटेवर एक कुत्रंही नव्हतं. "बाय, मागल्या दारी ये गो जरा. फणस काढूचो असा, धरूक कोणी नाय."

मागल्या दारी झाडाला बुंध्यापासून फणस लागले होते. काकींनी मला धरायला काही दिलं नाही. त्यांनी एका फणसावर बोटांनी टिचकी मारली.

"आयक. टण. हो कच्चो." दुसऱ्यावर मारली. "हो डब करता. पिकात इलो." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहीत काय लिवलंस तां माका वाचून दाखव."

मी वाचलं. शिसव लखलखीत. महोगनी चिरकी, तारांमुळे. फणस टोचतो. ऐकून काकी हसल्या, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं.

"तीन सवती, तीनय एकच बोलतत, आणि मार एकट्या फणसाक?"

मी वहीकडे पाहिलं. लखलखीत, चिरकं आणि टोचणारं. दोष एकच होता. शिसवीचा तो मी गुण म्हणून लिहिला होता, महोगनीचा तारांवर घातला होता, आणि फणसाच्या तो बरोबर अंगाला चिकटवला होता, कारण कोल्हापुरातून निघतानाच मी हसून निघाले होते. भिंतीपलीकडचं ऐकणारे माझे कान, पण समोरचं ऐकताना लाकडाचं नाव विचारून ऐकत होते. मला खरोखर लाज वाटली.

"तीनय गिटारी कच्चे रवले," काकी म्हणाल्या. "पुढची फळी तासताना टिचकी मारून बगूची लागता. टण करता तवसर तासूचा, डब केल्यान काय थांबूचा. पैल्यांदा तेंच्या गिटारी अशे नाय वाजत. गेली चार वर्सां तेंका ती टणच आयकाक येना नाय. कच्ची फळीच तेंका पिकली वाटता, आणि ते थांबतत."

"आणि फणस?"

"फणस पण ते कच्चेच काढून हाडीत. भाजीक तरी किती घालतलंय? मगे मी सांगलंय, तुमचे गुडघे बरे नाय, झाडाकडे जाव नुकात. तवसून फणस मीच काढतंय."

"त्यांना माहीत नाही?"

"कोण सांगतला? हात गेलो तरी मेस्त्री बसान शिकवीत. कान गेलो म्हटल्यार काय रवला तेंचा?" त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना फणसाचा चीक होता. "तू सांगू नुको गो. लाकडाकय दोष देव नुको. दुसरा कायतरी लिव."

दुसरं काय लिहिणार होते मी? इकडे आड, तिकडे विहीर. फणस वाईट म्हणावं तर माणसाची तीस वर्षांची साक्ष खोटी पडते. फणस चांगला म्हणावं तर गिटार टोचते ती का, हे सांगावं लागतं.

ओटीवर आले तर मेस्त्री ताठ बसले होते.

"काय ठरला, बाय? फणस नापास?"

"तारा नव्या आहेत, मेस्त्री," मी म्हटलं. "आणि हवा दमट आहे."

"तारा तिगांकय नवीनच असत. आणि माज्या खळ्यात तिगांक हवा वेगळी नाय." ते शांतपणे बोलत होते. "तुमी शिकलेली माणसा. गोड बोलून माका फसवू नुकात. फणसान काय केल्यान तां सांगा."

"फणसानं काही केलं नाही."

"मगे?"

"तिन्ही गिटारी वरच्या सुरांना टोचतात. शिसवीचीसुद्धा. सकाळी मी शिसवीला झुकतं माप दिलं."

मेस्त्रींनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे माजो हात बिघडलो."

हात नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून काकी बाहेर आल्या. हाताला तेल चोळत होत्या, चीक काढायला. मघाशी मला सांगू नको म्हणणारी बाई नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आत्ता झाडार किडे वरडतत," त्या म्हणाल्या. "तुमका आयकाक येतत?"

मेस्त्रींनी मान वर करून फणसाच्या झाडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वरडतत?"

"कान फाटतत."

"माका वाटला, किडेच कमी झाले," मेस्त्री म्हणाले. "लोकांनी झाडा तोडल्यानी म्हणान."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी उगाच वहीची पानं उलटली. इतका वेळ ज्या माणसाला मी तपासत होते, त्याला आता मला धीर द्यावासा वाटत होता, आणि देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "तीनय सारखेच टोचतत?"

"हो."

"शिसवीपरास फणस जास्त नाय?"

"नाही."

"केसभर?"

मी पुन्हा तिन्ही गिटारींच्या वरच्या तारा छेडल्या. या वेळी डोळे घट्ट मिटून, आणि त्या किड्यांच्या गजरातून जेवढं ऐकता येईल तेवढं ऐकून. "केसभरसुद्धा नाही."

मेस्त्री हसायला लागले. आधी ओठातल्या ओठात आणि मग चांगले खांदे हलवून.

"म्हणजे फणस शिसवीच्या बरोबरीन नापास झालो," ते म्हणाले. "तीस वर्सां मी दुसरा काय सांगतंय?"

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, गाणारी, वाजवणारी, पदकं मिळवणारी. आपला कान गेल्याची बातमी ऐकून पाव तासाच्या आत आपल्या झाडाची अब्रू राहिली म्हणून हसणारा माणूस मी हा एकच पाहिला.

हसणं ओसरल्यावर ते बायकोकडे वळले. "चार वर्सां फणस तूच काढतंस. माका वाटला, माजे गुडघे दुखतत म्हणान."

"गुडघे बरे असत तुमचे," काकी म्हणाल्या.

"तरीच. मीय म्हणतंय, दुखनत कसे नाय." त्यांनी फणसाची गिटार उचलली आणि तारा सैल करायला घेतल्या. "बस हयसर."

काकी चटईवर बसल्या. मेस्त्रींनी तारा काढल्या, गिटार काकींच्या मांडीवर आडवी ठेवली आणि आतून अंगठ्याएवढा पितळी रंधा आणला. फळीला आतून ज्या पट्ट्या असतात त्या मधल्या भोकातून हात घालून तासता येतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. करताना कुणाला पाहिलं नव्हतं. आत काही दिसत नाही. सगळं बोटांच्या अंदाजानं. कोपरापर्यंत हात आत घालून ते दोन वेळा रंधा फिरवत आणि थांबत.

"मार."

काकी फळीवर टिचकी मारत. "कच्चो."

पुन्हा रंधा. भोकातून पातळ सालपटं बाहेर येत आणि काकींच्या लुगड्यावर पडत.

"मार."

"अजून कच्चो. हयसर, डाव्या बाजूक."

गिटार त्यांच्या लेखी फणसच होता. गुडघे टेकून मी जवळ ऐकत होते. पहिल्या दहा-बारा टिचक्यांमधला फरक मला कळत होता. पुढे पुढे मला वाटू लागलं की झालं, आता थांबावं. मी तसं म्हटलंही. काकींनी मान हलवली.

"नाय. आत थोडी टण असा."

मला ती ऐकू येत नव्हती. माझ्या कानांना, ज्यांची कोल्हापुरात मी मिरवणूक काढत होते, त्यांना ती ऐकू येत नव्हती. चाळीस वर्षं फणसांवर टिचक्या मारणाऱ्या बाईला येत होती. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी आणखी एकदा रंधा फिरवला, केसाएवढंच लाकूड निघालं असेल.

"मार."

काकींनी टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि फळीवर तळवा ठेवला. "रवा. पिकलो."

मेस्त्रींनी तत्क्षणी हात बाहेर काढला. असं का, म्हणून विचारलं नाही, स्वतः टिचकी मारून खात्री केली नाही. तीस वर्षं कुणाच्या सांगण्यावरून रंधा न थांबवलेला माणूस बायकोच्या एका शब्दावर थांबला.

तारा पुन्हा चढवल्या, सुरात लावल्या. ऊन उतरलं होतं आणि किडेही थोडे दमले होते. मी सकाळचाच तुकडा वाजवला. वरचे सूर आले, टोचले नाहीत. गोल होऊन आले, आणि त्यांच्या मागून खालचा सूर असा भरून आला की वाजवता वाजवता माझ्या अंगावर काटा आला. शिसवीत खोली असते, महोगनीत गोडवा असतो. फणसात काहीतरी उबदार होतं, पोटभर जेवलेल्या माणसाच्या आवाजात असतं तसं. मी तुकडा संपवला, पुन्हा सुरू केला.

दुसऱ्यांदा वाजवताना वर पाहिलं. मेस्त्री या वेळी झाडाखाली गेले नव्हते, त्यांनी डोळेही मिटले नव्हते. ते समोर पायरीवर बसले होते आणि माझ्याकडे किंवा गिटारीकडे बघत नव्हते. काकींच्या तोंडाकडे बघत होते. वरच्या सुरांना काकींचं तोंड खुललं की त्यांचं खुलत होतं. त्यांना जे ऐकू येत नव्हतं ते ते तिथून ऐकत होते.

अहवालात मी दोनच ओळी लिहिल्या. फणस शिसवीच्या बरोबरीचा आहे, आठही गिटारी फणसाच्या घ्याव्यात. गिटारी गुणाजी मेस्त्री करतात आणि अनसूयाबाई ऐकतात. इनामदार सरांनी दुसऱ्या ओळीचा अर्थ विचारला. मी म्हटलं, गिटारी आल्या की कळेल. पुढच्या वर्षी त्या आल्या तेव्हा सरांनी एक वाजवून पाहिली आणि आठळ्यांची थट्टा पुन्हा कधी केली नाही.

त्याला आता तीस वर्षं झाली. मेस्त्री नाहीत, काकी नाहीत. आठांपैकी पाच गिटारी अजून वाजतात, एक माझ्या घरी आहे. गेल्या मे महिन्यात आंबोलीला विद्यार्थ्यांचं शिबिर होतं, तिथे मी ती नेली होती. दुपारी झाडाखाली माझी एक विद्यार्थिनी, मृण्मयी, ती वाजवत होती. अर्ध्यावर तिनं तारांवर हात ठेवला.

"बाई, थांबू या जरा," ती म्हणाली. "हे थांबू देत."

मी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"कोण?" मी विचारलं.

पोरीनं झाडांकडे बोट केलं आणि मग माझ्याकडे पाहून ते हळूच खाली घेतलं. मी वर पाहिलं. फांद्या होत्या, पानं होती, आणि माझ्यापुरती दुपार अगदी शांत होती. मग पायरीवर बसलेले मेस्त्री आठवले, आणि मी माझी खुर्ची उचलून तिच्या समोर, तिचा चेहरा नीट दिसेल अशी मांडली.

"तू वाजव," मी म्हटलं. "मी ऐकते."